काळूच्या विहिरीतला दगडी शंख

काळूने कोयत्याच्या टोकाने अंगणात वीतभर खड्डा कोरला आणि मूठमूठ माती काढून शेजारी टाकली.

"बघा गुरुजी. वरची माती आधी निघते, ती ढिगाच्या तळाला जाते. खालची शेवटी निघते, ती बसते वर."

दत्तात्रय गुरुजी त्या एवढ्याशा ढिगाकडे बघतच राहिले. तीस वर्षं भूगोल शिकवला, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात येऊ नये!

तेरा वर्षांपूर्वी, धरणाचं पाणी चढायच्या आधी, काळू दुधनी गावात आपली विहीर खणत होता. बाहेर काढलेल्या दगडमातीच्या ढिगाच्या तळाशी गुरुजींना गाळाच्या खडकात रुतलेला, दगड झालेला शंख सापडला. 'सर्वांत खालचा थर' अशी चिठ्ठी लावून त्यांनी तो पुण्याच्या प्राध्यापकांना पाठवला, आणि त्यांच्या पुस्तकात त्याची नोंदही छापून आली. खालचा म्हणजे जुना. तेव्हापासून तो खडक सहा कोटी वर्षांचा की सात कोटींचा, यावर विद्वानांची जुंपली होती. आता प्राध्यापकांना गुरुजींच्या सहीनिशी नक्की खोली हवी होती. तेवढं विचारायला गुरुजी दुखरे गुडघे घेऊन सिल्वासाहून रांध्याला, काळूच्या नव्या घरी, आले होते.

"तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्ही कवा इचारलं? मला वाटलं, गुरुजींना ठावं असंल."

म्हणजे शंख वरच्याच थरातला होता. गुरुजींना स्वतःचीच लाज वाटली. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. विहीर आता जलाशयाच्या तळाशी होती, कोण उतरून बघणार? आणि थर चुकला म्हटलं की नमुना बाद, पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीतून नोंदच जाणार. पण खोट्यावर सही करायचं त्राणही त्यांच्यात उरलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून आंतरदेशीय पत्र काढलं, मांडीवर पिशवी ठेवून चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.

काळूने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"गुरुजी, त्या पुस्तकात माझ्या विहिरीचं नाव हाय ना? तुम्ही वाचून दाखवलंवतं."

"आहे. दुधनी, काळूची विहीर."

"घर बुडालं, शेत बुडालं. पोरांना सांगतो, बाकी काय नाय तर तेवढं छापलेलं हाय." त्याने गुरुजींकडे पाहिलं. "ते ऱ्हाईल ना?"

गुरुजींनी पत्राच्या कडेवरून जीभ फिरवली आणि ते नीट दाबून चिकटवलं.

"राहील की," ते म्हणाले.