पंखातले मणी

आमच्या कारखान्यातल्या जोडणीच्या शॉपमध्ये आत जाताना अंगावरचं सगळं बाहेर ठेवावं लागतं. अंगठी, घड्याळ, कानातलं, केसांतल्या पिना. कामावरच्या अंगभर डांगरीला तर खिसेच नाहीत. पुरुष निमूट काढून ठेवतात. बायका मंगळसूत्रापाशी अडतात, आणि ते काढा म्हणून सांगायचं काम माझं. मी संध्या, पंख जोडणीच्या सेलची, म्हणजे तुकडीची, प्रमुख. नवरा हायवेवर अपघातात गेला, त्याला बरीच वर्षं झाली. विधवा बाईनं सकाळी सकाळी पोरींना "गळ्यातलं काढ गं" म्हणायचं, याच्याहून वाईट काम कंपनीला माझ्यासाठी शोधूनही सापडलं नसतं.

मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. वाटतं. पोरी ताई ताई करतात, माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी बोटानं पुसून खातात, पण काढलेलं मंगळसूत्र माझ्या हातात कुणी देत नाही. मी हात पुढे केला तरी दिसलाच नाही असं करून जी ती आपापल्या लॉकरकडे वळते. मीही आता हात पुढे करत नाही.

दिंडोरीच्या रस्त्यावर आमचा कारखाना आहे. आम्ही लढाऊ विमानांचे पंख बनवतो. पूर्वी एकेक पंख महिनोन् महिने एकाच जागी पडून असायचा आणि आम्ही त्याच्याभोवती पाने-ड्रिल शोधत हिंडायचो. मग देवव्रत आला. पंचवटीतल्या गुरुजींच्या घरातला मुलगा, बाहेर शिकून आला आणि येताना लीन नावाची, वेळ न दवडता शिस्तीत काम करायची पद्धत घेऊन आला. त्यानं भिंतीवर फळे लावले. प्रत्येक हत्याराचा आकार फळ्यावर रंगवलेला. आकार रिकामा दिसला की हत्यार सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. पंख आता ठरलेल्या दिवशी एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी सरकतो, आणि प्रत्येक ठिकाणी डोक्यावर एक लाल दोरी लोंबते. काही चुकलं की ती कुणीही ओढायची, अगदी झाडलोट करणाऱ्या लंकाबाईनंसुद्धा. दोरी ओढली की लाल दिवा लागतो आणि अख्खी लाइन थांबते.

"चूक पुढे ढकलायची नाही, जागीच थांबवायची," देवव्रत आम्हाला समजावायचा. "आणि ओढणाऱ्याला कुणी काही बोलणार नाही."

आम्ही माना डोलावल्या. रिव्हेट संपले, सांधे बुजवायचं सीलंट वेळेत आलं नाही, म्हणून दोरी ओढली जायची. स्वतःची चूक सांगायला मात्र कुणीच ओढली नव्हती. कोण कशाला ओढेल?

पूजा माझ्या सेलमधली सगळ्यात बारीक हाताची मुलगी. पंखाच्या पोटातच इंधनाची टाकी असते. वरच्या भोकांतून खांद्यापर्यंत हात घालायचा, मान वाकडी करायची आणि आतले सांधे सीलंटनं बंद करायचे. हे काम तिच्याइतकं चोख कुणाला जमत नाही. ती देवळाली कॅम्पला सासूबरोबर राहते. नवरा रोहित तोफखान्यात आहे. आधी कॅम्पातच होता, मग त्याची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, सीमेवर गेली. त्या दिवसांत तिकडे गोळीबार चालू होता. टीव्हीवर दिवसभर तेच, आणि रोहितचा फोन काही लागत नव्हता. पूजाचा डबा तसाच परत जायचा. मी खेकसले की दोन घास खायची.

रोज सकाळी मी विचारायचे, "काढलं का?"

"हो ताई," ती म्हणायची.

त्या मंगळवारी दुपारी टाकीला झाकण लागायचं होतं आणि शुक्रवारी पंख पाठवायचा होता. कारखान्याचे मोठे साहेब सकाळपासून चकरा मारत होते. मी फळ्यापाशी ड्रिलची पाती बघत होते, तेवढ्यात लाल दिवा लागला.

वळून बघते तर पूजा. एक हात अजून दोरीवर, दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली. मी जवळ गेले तशी तिनं मूठ उघडली. मंगळसूत्राच्या दोन वाट्या आणि थोडे काळे मणी.

"ताई, वाढलं," ती म्हणाली. मंगळसूत्राला तुटलं असं आमच्यात म्हणत नाहीत, अशा वेळीसुद्धा नाही.

"कुठे?"

"आत. वाकले तेव्हा भोकाच्या काठाला अडकलं. बाकीचे मणी टाकीत गेले."

मला इतका संताप आला की माझा हात उठायचाच बाकी होता. तिच्या कॉलरखाली चिकटपट्टीची लाल खूण दिसत होती. म्हणजे रोज पट्टी लावून लपवत होती आणि रोज माझ्या तोंडावर हो ताई म्हणत होती.

"अक्कल गहाण ठेवली होतीस का गं?" मी म्हटलं.

"त्याचा फोन नाही, ताई." ती रडत नव्हती, तेच बघवत नव्हतं. "एक दिवस काढायचं विसरले आणि त्याच संध्याकाळी त्याचा मेसेज आला, बरा आहे म्हणून. मग काढायची भीतीच बसली. मी काढलं आणि तिकडे काही झालं तर?"

मी माझं एकदा काढलं ते कायमचं. आणि एक गोष्ट मला दिसत होती. तिला कुणीही पाहिलं नव्हतं. ती गप्प बसली असती तर तासाभरात झाकण लागलं असतं, आणि त्यातला एखादा मणी कधीतरी आभाळात इंधनाच्या नळीच्या तोंडाशी जाऊन बसला असता. हिनं नोकरी जाईल हे माहीत असून दोरी ओढली. मला तिची लाजही वाटत होती आणि अभिमानही, दोन्ही एकदम.

देवव्रत धावत आला. त्यानं मुठीतलं पाहिलं, टाकीकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "एकूण मणी किती होते?"

पूजानं माहीत नाही म्हणून मान हलवली. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. सेलमधली पिंकी म्हणाली, "सर, गळ्यातले मणी कोण मोजतं?" खरंच होतं. एवढ्याशा पान्याचासुद्धा आकार फळ्यावर आहे, पण याचा हिशेब कुठेच नव्हता. आणि एकूण किती हे कळल्याशिवाय सगळे निघाले हे कळणार कसं?

"ओवलं कुणी?" मी विचारलं.

"सासूबाईंनी. आमच्याकडे सुनेचं डोरलं सासूच ओवते."

"मग कर त्यांना फोन."

तेव्हा कुठे ती ढासळली. "मी त्यांना काय सांगू? पोराचा पत्ता नाही आणि सुनेचं डोरलं वाढलं? त्या तिथंच खाली बसतील, ताई."

आत मोबाइल चालत नाही, म्हणून देवव्रतच्या केबिनमधून फोन लावला. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. पलीकडे तिच्या सासूच्या, बायडाबाईंच्या मागे टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. पूजानं सगळं सांगितलं, पट्टीसकट. मग पलीकडे टीव्ही बंद झाला.

"मनी कुठं पडले म्हनलीस?" बायडाबाईंनी विचारलं.

"विमानाच्या पंखात, आई."

"ते इमान कोन उडवनार हाय?"

"ते मला नाही माहीत. असेल कुणीतरी."

"कुनाचा तरी पोरगाच आसंल ना?"

"हो."

मग बायडाबाई हळूहळू, पाढा म्हणावा तशा म्हणाल्या, "एकशे बेचाळीस. माझ्या हातानं ववलेत, दोन्ही बाजूला सारखे. एक बी कमी घेऊ नको." आणि त्यांनी फोन ठेवला.

आम्ही कामाला लागलो. कॅमेऱ्याची बारीक नळी आत सोडायची, पडद्यावर मणी दिसला की पूजानं हात घालून टोकाला चिकटपट्टी लावलेल्या काडीनं तो उचलायचा आणि सेलमधल्या पल्लवीनं स्टीलच्या ताटलीत ठेवायचा. पूजाच्या डांगरीच्या घड्या झटकल्या, जमीन लंकाबाईनं ओल्या फडक्यानं टिपली. शेवटी तिच्या मुठीतले धरून मोजले. एकशे एक्केचाळीस भरले. पुन्हा मोजले, तेवढेच.

तोवर मोठे साहेब येऊन उभे होते. "काचेचा एक मणी," ते म्हणाले. "बाहेर कुठेतरी उडाला असेल. झाकण लावा. आणि या बाईंना आजच गेटच्या बाहेर करा. दागिना घालून आत जाते म्हणजे काय?"

देवव्रत बुटांकडे बघत राहिला. ओढणाऱ्याला कुणी काही बोलणार नाही म्हणणारा हाच तो. माझं डोकं फिरलं.

"साहेब, दागिना घातला ही तिची चूक, तिला काय ताकीद द्यायची ती द्या," मी म्हटलं. "पण तुम्ही तिला घालवताय ती दोरी ओढली म्हणून. तिनं ओढली नसती तर तुम्हाला कळलं तरी असतं का? आज हिला काढलंत तर उद्या या शॉपमध्ये एक माणूस त्या दोरीला हात लावणार नाही. मग खुशाल झाकणं लावत बसा."

लाल दिवा विझवायची किल्ली एकट्या देवव्रतकडे असते. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं पट्ट्याला अडकवलेली किल्ली काढली, जरा वेळ हातात धरली, आणि परत अडकवली.

"मणी मिळाल्याशिवाय नाही, सर," तो म्हणाला.

बुधवारी खालचा पत्रा उघडला. नीट बसलेले रिव्हेट एकेक करून ड्रिलनं काढणं काय असतं, ते ज्यांनी बसवले त्यांनाच कळेल. गुरुवारी दुपारी पिंकीला पडद्यावर सीलंटच्या थरात एक फुगवटा दिसला. पूजानं हात घातला. मणी ओल्या सीलंटमध्ये रुतला होता आणि तडकून त्याचे दोन तुकडे झाले होते. तिनं दोन्ही तुकडे ताटलीत जोडून ठेवले आणि मग ती भिंतीला टेकून खाली बसली. देवव्रतनं दिवा विझवला.

शुक्रवारचा पंख गेला नाही. साहेबांनी मुंबईच्या ऑफिसला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पूजाला लेखी ताकीद मिळाली, सेल माझा म्हणून मलाही मिळाली. रोहितचा फोन अजून आला नव्हता. गुरुवारी संध्याकाळीच देवव्रतनं लॉकर बंद करून टाकले. बाईनं ते लपवलं का, तर अंधाऱ्या खणात ठेवायला तिचा जीव धजेना, असं तो म्हणाला, आणि त्यानं लाइनच्या समोर काचेचं कपाट उभं केलं. पंखात हात घालतानासुद्धा मान वळवली की दिसेल असं. आत प्रत्येकीच्या नावाचा हुक. कपाटाची किल्ली त्यानं माझ्याकडे दिली. मी नको म्हटलं, त्याला कारण काही सांगितलं नाही. त्यानं ऐकलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी कपाट उघडून बाजूला उभी राहिले, हात मागे बांधून. पिंकीनं आपलं आपण अडकवलं, पल्लवीनंही. पूजा शेवटी आली. रात्रीतून बायडाबाईंनी डोरलं परत ओवून दिलं होतं.

"तडकलेल्याच्या जागी आईंनी त्यांच्या डोरल्यातला एक मणी घातला," तिनं मला सांगितलं. मग मान खाली घालून ते काढलं, हुककडे बघितलंसुद्धा नाही, आणि माझा मागचा हात ओढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुम्ही ठेवा, ताई," ती म्हणाली.

ते तिच्या अंगानं गरम झालेलं होतं. इतक्या वर्षांत काळे मणी माझ्या हातात आले नव्हते. मला रडू आवरेना, म्हणून मी तिच्यावर ओरडले, की जा कामाला, उशीर होतोय.

रोहितचा फोन रविवारी आला, तो सुखरूप होता. पण डोरलं तिनं माझ्या हातात शुक्रवारीच दिलं होतं.