गोळा नुसता सोडायचा

मोनिका मॅडमना सकाळपासून कसंतरीच होत होतं. विज्ञान दिनाचा कार्यक्रम होता, हॉलमध्ये खुर्च्या लागल्या होत्या, माईकवाला ‘हॅलो हॅलो’ करून सगळ्यांचं डोकं उठवत होता. आणि मधोमध, छताच्या लोखंडी तुळईला तारेने टांगलेला, गोळाफेकीचा गोळा लोंबत होता. काल तो साधा गोळा होता. आज कुणीतरी त्याला हळदकुंकू लावून वर झेंडूचा हार चढवला होता, आणि त्याकडे मॅडमना बघवत नव्हतं.

राहात्याजवळच्या या कॉलेजात हा प्रयोग मॅडमनीच आणलेला. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवायचं म्हणजे आधी बारावी विसरायला लावायची. पोरं सूत्रं घोकून आलेली. प्रॅक्टिकलला उत्तर आधी लिहायचं आणि मागून रीडिंगं बसवायची, यात सगळे पटाईत. नियम पेपरात लिहायचा असतो, त्यावर विश्वास-बिश्वास ठेवायचा नसतो, असं त्यांचं पक्कं मत. मॅडमना या गोष्टीचा संताप यायचा. म्हणून त्यांनी एकेकाला खांबाला डोकं टेकवून उभं केलं, गोळा हनुवटीपर्यंत ओढून आणला आणि सोडून दिला. जितक्या उंचीवरून सोडला त्याच्या वर तो परत येताना जात नाही, हनुवटीच्या जरा अलीकडूनच मागे फिरतो. मात्र नुसता सोडायचा. धक्का दिला, तर दिलेला धक्का तो घेऊनच परत येतो.

पार्थ पहिल्याच फेरीत पळाला. आदिनाथने डोळे मिटले आणि मग पळाला. उभी राहिली ती एकटी इन्शा. तिचे वडील शमशेर बाजारतळावर पेरूची गाडी लावायचे, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. पोरं तिला घाबरवायला मुद्दाम बोंबलली, “आला, आला, सरक!” ती जागची हलली नाही.

“भीती नाही वाटली गं?” मॅडमनी विचारलं होतं.

“नियम हाय म्हनल्यावर भ्यायचं कशाला, मॅडम?”

त्या दिवशी मॅडम घरी जाताना स्वतःशीच हसत होत्या. वर्षभराच्या शिकवण्याचं चीज झालं असं त्यांना वाटलं होतं.

आता संस्थेचे चेअरमन श्रीमंतराव उद्घाटनाला येणार होते, आणि गोळा त्यांच्याच हातून सोडायचा असं प्राचार्यांनी परस्पर ठरवलं होतं. आपल्याकडे बोअरवेल असो की फिजिक्स, मोठ्या माणसाचा हात लागल्याशिवाय काही सुरू होत नाही.

“सर, साहेबांना एवढं सांगा, ढकलायचा नाही,” मॅडम म्हणाल्या.

“साहेबांना शिकवणार का आता तुम्ही?” प्राचार्य हसले. “तासिका तत्त्वावर आहात मॅडम. जूनला ऑर्डर कोणाच्या सहीने निघते?”

साहेबांना स्वतःच सांगू, असं मॅडमनी मनाशी ठरवलं.

श्रीमंतराव आले ते माणसांचा घोळका घेऊनच. एकेकाळचे पैलवान, मनगट अजून उसाच्या पेरासारखं. दर हंगामाला साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायचा मान त्यांचा, आणि ती ते अशी भिरकावायचे की फोटोवाल्यांना मागे सरावं लागायचं. नारळ फुटला. इन्शा खांबाला डोकं टेकवून उभी राहिली, तिने डोळे मिटले. श्रीमंतरावांनी गोळा दोन्ही हातांनी उचलून तिच्या हनुवटीशी आणला.

“साहेब, नुसता सोडायचा हं,” मॅडम म्हणाल्या. फार हळू म्हणाल्या. माईकवर तेव्हाच “शुभहस्ते, शुभहस्ते” सुरू झालं होतं.

“व्हय व्हय,” श्रीमंतराव म्हणाले, कॅमेऱ्याकडे वळले, आणि मोळी टाकावी तसा त्यांनी गोळा अंगातला जोर लावून पुढे लोटला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. गोळा समोर गेला, रोज जिथून मागे फिरायचा त्याच्या कितीतरी वर चढला. आता काय होणार, हे भरल्या हॉलमध्ये एकट्या मॅडमना दिसत होतं.

“इन्शा, सरक! बाजूला हो!”

पोरंही तेच ओरडत होती, रोजच्यासारखी, हसत हसत. इन्शाच्या ओठांवर किंचित हसू होतं. मॅडम धावल्या. परत निघालेल्या गोळ्याची तार त्यांनी पकडली. तार तळहात सोलत निसटली. गोळ्याचा वेग थोडा कमी झाला, तो थांबला मात्र नाही.

आवाज मोठा झाला नाही. इन्शा खांबाला घसरत खाली बसली. तोंडावर धरलेल्या तिच्या बोटांमधून रक्त येत होतं, ओढणी भिजत होती. टाळ्या वाजवणारे हात तसेच हवेत राहिले.

“पोरगी हलली वाटतं,” श्रीमंतराव म्हणाले.

“हललीच की!” प्राचार्य लगेच म्हणाले. “बाळा, हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला?”

इन्शाने वर बघितलं. साहेबांकडे नाही, प्राचार्यांकडेही नाही. मॅडमकडे.

“मॅडम, मी हलले का?” फुटलेल्या ओठांतून शब्द नीट निघत नव्हते.

सगळा वर्ग मॅडमकडे बघत होता. ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. ते त्यांच्या जिभेवर होतं. श्रीमंतराव हातरुमालाने हाताचं कुंकू पुसत उभे होते. मॅडमना स्वतःची किळस आली, आणि तरी त्या म्हणाल्या, “आधी दवाखान्यात चल, बाळा.”

इन्शाने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग तिने मान डोलावली.

“हलले असंन मी, मॅडम,” ती म्हणाली. “माझंच चुकलं.”