बाहेरची कडी

वारज्यातल्या त्या फ्लॅटमध्ये आग लागली ती फ्रिजच्या मागे, आणि जळालं म्हणाल तर फार काही जळालं नाही. स्वयंपाकघराचा एक कोपरा, वरचं लाकडी कपाट, खिडकीचा पडदा. पण धुराने घरातली एक जागा सोडली नाही. हॉलच्या भिंती तव्याच्या बुडासारख्या झाल्या. बंद कपाटात घडी घालून ठेवलेल्या साड्यांच्या कडासुद्धा काळ्या पडल्या. आणि त्या धुरात विमलाबाई एकट्या होत्या, कारण दाराला बाहेरून कुलूप होतं.

कुलूप त्यांच्या नवऱ्यानेच लावलं होतं.

बद्रीनाथ गावंडे मूळचे वाशीमकडचे. तरुणपणी पुण्यात आले, भोसरीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झाले, आणि पाचव्या मजल्यावरच्या या घरात नवरा-बायको आता निवांत राहू असं म्हणत असतानाच विमलाबाईंचं विसरणं सुरू झालं. आधी दोघांनीही ते हसण्यावारी नेलं. मग एके सकाळी त्या खाली उतरल्या आणि दुपारी हायवेच्या सर्व्हिस रोडवर सापडल्या. पायात चप्पल नाही, आणि नाव विचारलं तर सांगता येईना. आतलं लॅच त्यांना सहज उघडता यायचं. म्हणून बद्रीनाथांनी सुताराला बोलावून दाराला बाहेरून कडी बसवून घेतली.

सुरुवातीला ते फक्त दूध आणण्यापुरतं कुलूप लावत. मग भाजीपुरतं. मग केव्हातरी त्यांना मार्केट यार्डाची गोडी लागली. तिथे रंगनाथ म्हणून त्यांच्या गावाकडचा एकजण तुरीच्या आडतीवर कामाला होता. त्याच्या शेजारी पोत्यावर बसायचं, गावाकडच्या गाड्या उतरताना पाहायच्या, चहा प्यायचा. कोणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत नाही, कोणाच्या मागे धावायचं नाही. घरी सांगायला गहू-कांद्यांचं निमित्त असे. त्या दिवशी रंगनाथने "आणखी एक घ्या" म्हटलं आणि बद्रीनाथांनी दुसरा चहा घेतला. फोन आला तेव्हा तो अर्धा पिऊन झाला होता.

कडी उचकटून विमलाबाईंना बाहेर काढलं ते सोनबाने, सोसायटीच्या वॉचमनने. त्या दाराला अगदी लागून पडल्या होत्या. दवाखान्यात छातीतला धूर उतरला, जीव वाचला. मुलगी श्रद्धा येरवड्याहून धावत आली. "बाबा, आई दार उघडून बाहेर कशी नाही आली?" या तिच्या पहिल्याच प्रश्नाला बद्रीनाथांच्या तोंडून निघून गेलं, "लॅच अडकलं गं."

एवढंच. पण बोलून झाल्यावर ते मागे घेता येईना. जिन्यातल्या सगळ्यांना कुलूप ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त श्रद्धाला; कडी दिसली तरी ती दोघं मिळून बाहेर जाताना लावायची, असंच ती धरून चालली होती.

"मी कुनाला काय बोललो न्हाय, साहेब," सोनबा एकदा त्यांना गाठून म्हणाला. "पर लोक बघत्यात."

श्रद्धाने दोघांना आपल्याकडे नेलं. येरवड्यात तिच्या दोन खोल्या, दोन मुलं, नवरा कामाच्या दौऱ्यावर. ती स्वतः घरूनच कॉम्प्युटरवर काम करायची. रोज सकाळी बद्रीनाथ बसने वारज्याला येत, कारण घर साफ करणाऱ्या कंपनीची माणसं कामाला लागली होती आणि घरातलं कोणीतरी हजर लागायचं.

त्या माणसांची मुख्य होती कल्याणी गजभिये. पस्तिशीची, मूळची नागपूरकडची, अंगात निळा डगला, तोंडाला मोठा मास्क. पहिल्याच दिवशी तिने सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, भिंतीवर बोट ओढून वास घेतला, गादीच्या शिवणी उसवून पाहिल्या. शेवटी ती मुख्य दारापाशी आली आणि थांबली.

दाराच्या आतल्या बाजूला काजळीचा थर होता आणि त्या थरात हात उमटले होते. खांद्याच्या उंचीवर तळवे. त्याखाली बोटांचे ओरखडे. मग अगदी खाली, फरशीपासून वीतभर वर, पुन्हा तळवे.

कल्याणीने मोबाइलमध्ये फोटो काढले.

"ताई," बद्रीनाथ म्हणाले, "आधी दारच पुसून घ्या ना. येता-जाता समोर दिसतं."

"नाही जमणार, काका. काम वरून खाली चालतं. आधी छत, मग भिंती, दारं सगळ्यात शेवटी. आत्ता दार पुसलं तर वरची काजळी त्याच्यावरच पडणार."

"किती दिवस?"

"होईल तेव्हा सांगेन. घर आहे, ताट नाही विसळून टाकायला."

माणसं शिडीवर चढून कोरड्या स्पंजाने छत पुसू लागली. पाणी लावायचं नाही, पाण्याने काजळी आत मुरते, हे ती सगळ्यांना बजावत होती. एक मशीन दिवसभर घरघरत हवा ओढून घ्यायचं. बद्रीनाथ हॉलच्या मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसत. खुर्ची कुठेही फिरवली तरी ते दार नजरेच्या टोकाला असायचंच. खालचे तळवे त्यांना सर्वांत जड जात. विमल बसली होती तिथे. उभं राहवेना म्हणून बसली, आणि बसूनही ठोठावत राहिली. त्या वेळी आपण काय करत होतो? आडतीवर बसून हसत होतो.

संध्याकाळी येरवड्याला परतलं की वेगळाच कोंडमारा. विमलाबाई त्या दोन खोल्यांत येरझारा घालत. "हे घर कोनाचं हाय? चला ना आपल्या घरी," असं दर थोड्या वेळाने म्हणत. मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाई आता पुन्हा लहानपणच्या वऱ्हाडीत बोलत होत्या. आणि श्रद्धा कामाच्या मधून उठून येई, "बाबा, ते लॅच कंपनीला दाखवलंत का? असली लॅचं विकतात कशी? मी तक्रार करणार आहे." बद्रीनाथ मान हलवत.

"या रविवारी मी येते घर बघायला," श्रद्धा एकदा म्हणाली. "आईलाही आणते. आपलं घर दिसलं की तिला बरं वाटेल."

शुक्रवारी दुपारी कल्याणीची माणसं खाली डबे खायला गेली तेव्हा बद्रीनाथांनी बाथरूममधून बादली भरून आणली. जुना पंचा भिजवला आणि दार पुसायला घेतलं. पहिल्या हातालाच काजळी निघाली असं वाटलं. त्यांनी जोर लावला. पाणी काळं होऊन खाली ओघळलं, फरशीवर पसरलं. ते गुडघ्यावर बसून खालचे तळवे घासू लागले. घासता घासता त्यांच्या लक्षात आलं, हात जात नाहीयेत. काजळी पाण्याबरोबर लाकडात शिरली होती. तळवे होते तिथे फिकट, आजूबाजूला दाट काळं. आधी दिसत होते त्याहून आता ते उठून दिसत होते.

कल्याणी वर आली तेव्हा ते तसेच बसले होते, कोपरापर्यंत काळे.

"वा," ती म्हणाली. "आमची माणसं कमी पडत होती का?"

तिने बादली उचलून बाजूला ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आता हे पुसून जाणार नाही, काका. रंधा मारावा लागेल, नाहीतर दार बदला."

"रविवारपर्यंत होईल?"

"नाही."

रविवारी श्रद्धा आईला घेऊन आली. रिक्षातून उतरल्यापासून विमलाबाई खुशीत होत्या. घरात शिरल्यावर मात्र त्या दबकल्या. अर्ध्या भिंती स्वच्छ, अर्ध्या काळ्या, सगळं सामान प्लॅस्टिकखाली. त्यांनी पदर नाकाला लावला.

"कोनाचं घर जयलं वो हे?" त्यांनी कल्याणीला विचारलं. "बिचारे. लेकरं-बाळं होते का आत?"

"नाही, माय," कल्याणी त्यांच्याच बोलीत म्हणाली. "सारे वाचले."

"बरं झालं."

श्रद्धा स्वयंपाकघर बघून बाहेर आली. बद्रीनाथ उघड्या दाराला पाठ लावून उभे होते. कामावरच्या सुताराने नेमकं तेव्हाच विचारलं, "काका, नवीन दाराला बाहेरची कडी पण लावायची ना? जुनी पार वाकलीय. कुलूप तुमचं तुम्ही आणाल का?"

कल्याणीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. पण बोलून झालं होतं.

"बाहेरची कडी?" श्रद्धा म्हणाली. "आई घरात असते. बाहेरून कुलूप कशाला?"

तिने वडिलांच्या खांद्याला धरून त्यांना हळूच बाजूला केलं आणि दार स्वतःकडे ओढलं. आतली बाजू पाहिली. मग बाहेरची, जिथे कडीचे स्क्रू उपटून लाकूड फाटलं होतं.

"लॅच अडकलं नव्हतं."

"नाही."

"तुम्ही कोंडून गेला होतात तिला."

"हो."

"रोज?"

"रोज नाही. पण... हो. जवळजवळ रोज."

"मला का नाही सांगितलंत, बाबा?"

बद्रीनाथांना राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आला, आणि त्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "सांगून तू काय केलं असतंस?" ते म्हणाले. "महिन्यातून एकदा येतेस. येताना मिठाई आणतेस. आई छान दिसतेय म्हणतेस आणि अंधार व्हायच्या आत निघतेस. मला शौचाला जायचं तर दार उघडं ठेवून जावं लागतं. ती गेली का, पडली का. मी काय करायचं होतं, सांग ना!"

श्रद्धा आईचा हात धरून जिना उतरून गेली. लिफ्टसाठीसुद्धा थांबली नाही.

त्यानंतरचे दिवस येरवड्याच्या घरात कोणी कोणाशी मोकळं बोललं नाही. श्रद्धा वडिलांचं ताट वाढायची, पण त्यांच्याकडे बघायची नाही. आईचं सगळं मात्र तिने स्वतःकडे घेतलं. आंघोळ, जेवण, रात्रीचं उठणं. "तुम्ही जा वारज्याला, मी आहे," एवढंच म्हणायची. बद्रीनाथ जात. तिकडे भिंतींना आता वास दाबणाऱ्या रंगाचा हात बसत होता, नवीन दार आलं होतं. त्यांना मात्र आत बसवत नसे आणि परतावंसंही वाटत नसे. ते खाली सोनबाच्या स्टुलाजवळ उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत.

एका दुपारी कल्याणीने घर सील केलं. ओझोनचं मशीन लावायचं होतं, वास मारण्यासाठी. ते चालू असताना आत माणूस नको. म्हणून बद्रीनाथ लवकर परतले.

श्रद्धाच्या दारासमोरच्या पायरीवर श्रद्धा बसली होती. शेजारी मुलांची दप्तरं. मुलं खाली मैदानात खेळत असल्याचा आवाज येत होता. दाराला बाहेरून कडी घातलेली होती, आणि आतून ठोठावल्याचा आवाज येत होता. जोराचा नाही. थांबून थांबून.

बद्रीनाथ तिच्यापाशी पोहोचले तेव्हा तिने वर पाहिलं. तिचे डोळे सुजले होते.

"मुलांची बस आली होती," ती म्हणाली. "आईला न्यायचं तर ती चपला घालेना. मला चावली, बाबा. हे बघा. मी म्हटलं, खाली जाऊन लगेच वर यायचं. आले पण लगेच. आणि मग उघडायला हातच पुढे होईना. म्हटलं, थोडा वेळ. थोडा वेळ नुसतं बसू दे मला." ती हुंदके देऊ लागली. "ती ठोठावतेय आणि मी बसलेय इथे. मी कसली मुलगी आहे?"

बद्रीनाथ तिच्या शेजारी बसले. तिची पाठ थोपटावी असं वाटलं, पण हात उचलला जाईना, इतके दिवस ती त्यांच्याशी बोललीच नव्हती. मग तिनेच त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"तू बस," ते म्हणाले. त्यांनी उठून कडी काढली. विमलाबाई समोरच उभ्या होत्या, घामाने ओल्या.

"कवापासून बोलावून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "कोनी आयकतच नाही."

"चुकलं आमचं," बद्रीनाथ म्हणाले.

त्या रात्री मुलं झोपल्यावर बापलेक स्वयंपाकघरात बसून बोलले. फार काही ठरलं नाही. शनिवारी श्रद्धा वारज्याला येईल आणि दिवसभर थांबेल, बद्रीनाथांनी हवं तिथे जावं. बाकीच्या दिवसांसाठी कोणी बाई मिळते का ते शोधायचं. वारज्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मथुराबाईंना विचारायचं. आणि दाराला बाहेरून कडी बसवायची नाही.

"मग ती उघडून बाहेर जाईल," बद्रीनाथ म्हणाले.

"जाईल," श्रद्धा म्हणाली.

घर ताब्यात देताना कल्याणीने सगळ्या खिडक्या उघडून दाखवल्या, कपाटातल्या धुतलेल्या साड्या दाखवल्या. "पावसाळ्यात दमट झालं की कधी कधी वास परत डोकावतो," ती म्हणाली. "आला तर फोन करा. घाबरू नका." निघताना तिने विमलाबाईंना वाकून नमस्कार केला. विमलाबाईंनी तिला ओळखलं नाही, पण सुखी राहा म्हणाल्या.

मथुराबाई आठवड्यातून दोन दुपारी येतो म्हणाल्या आणि एकच दुपार आल्या. मिळालेली बाई चार दिवसांत सोडून गेली. शनिवार सोडला तर बद्रीनाथ पुन्हा त्याच चार भिंतींत होते, फक्त भिंती आता पांढऱ्या होत्या. आता तर दूध आणायलाही जाता येत नसे. कधी कधी वर्तमानपत्र हातात घेऊन ते बंद दाराकडे बघत बसत, आणि आपल्याला नक्की कोणी कोंडलंय हे त्यांना कळत नसे.

एका मंगळवारी, चारच्या सुमारास, विमलाबाई उठल्या, पदर नीट केला आणि लॅच उघडून बाहेर पडल्या. बद्रीनाथ ओरडणार होते. नेहमी ओरडत, मग दंडाला धरून आत आणत, मग तासभर रडारड. आज त्यांना त्या सगळ्याचा कंटाळा आला. त्यांनी चपला पायांत सरकवल्या, विमलाबाईंच्या चपला हातात घेतल्या आणि मागोमाग लिफ्टमध्ये शिरले. खाली पोहोचल्यावर वाकून एकेक चप्पल पुढे धरली. विमलाबाईंनी ती घातली.

फाटकाबाहेर त्या डावीकडे वळल्या, कालव्याकडच्या रस्त्याला. झपझप चालत होत्या, कुठेतरी पोहोचायचं असल्यासारख्या. थोड्या अंतरावर त्यांनी वळून पाहिलं.

"तुमी कोन? कावून येऊन राह्यले मांगं?"

"मलाही इकडंच जायचंय," बद्रीनाथ म्हणाले. "येऊ का?"

विमलाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग त्या एकदम लाजल्यासारख्या हसल्या.

"या. पन जरा दुरून या. लोकं काय म्हनतीन."

बद्रीनाथ दोन पावलं मागे सरले आणि चालू लागले.