काठावरचे बूट

"दोरी कमरेले बांधा, काका. हातात धरून चालनार नाई," असे म्हणत ओमप्रकाशने स्वतःच गाठ मारली आणि दोनदा ओढून पाहिली. चिखलदऱ्याजवळच्या या उंच धबधब्याच्या माथ्यावर तो वीस वर्षे लोकांना नेत होता. पाणी गढूळ दिसले की मागे फिरायचे, काठापासून दहा पावले लांब राहायचे, हे त्याने पायथ्याशीच बजावले होते. धर्मपाल नुसती मान हलवत होते. जागा पाहायची आहे, एवढेच त्यांनी सांगितले होते.

गेल्या श्रावणात त्यांचा मुलगा सुगत इथूनच खाली गेला. माथ्यावर फक्त त्याचे बूट सापडले, शेजारी शेजारी ठेवलेले, मोजे आत खुपसलेले. घसरणारा माणूस आधी बूट काढून ठेवतो का? गावी, नांदगाव खंडेश्वरात, सगळ्यांनी हेच विचारले. लोकांच्या जिभेला हाड नसते. त्यात तिसऱ्यांदा परीक्षेत नापास झालेल्या पोराला त्याची आई इंदूबाई आदल्याच दिवशी बोलल्या होत्या, "बसून खायाले लाज नाई वाटत तुले?" त्या एका वाक्याने ती माउली वर्षभर जळत होती. धर्मपालांनी तिला कधी दोष दिला नाही. पण तुझे काही चुकले नाही, असेही त्यांच्या तोंडून निघाले नाही.

चढ संपला तसा पाण्याचा आवाज वाढला. वर ओढा पसरट खडकावरून वाहत होता आणि पलीकडे नुसते धुके होते. ओमप्रकाश दोरीचे दुसरे टोक झाडाला बांधू लागला. धर्मपालांनी हिरवट खडकावर पाय टाकला, तो किंचित सरकला. ते लगेच खाली वाकले. नाड्या सोडून दोन्ही बूट काढले, मोजे आत खुपसले आणि बूट कडेला नीट ठेवले.

"काका! काय करून राहिले?" ओमप्रकाश ओरडला. "बूट घाला आदी!"

"घसरते ना, भाऊ. अनवाणी पाय धरते. अंगठा रोवून चालावं."

"तुमच्या काळ्या चिखलात धरत असन. इथं शेवाळाखाली दगड हाय, अंगठा कुठं रोवता? बुटाचे दातच धरतेत. शेतातले लोक हेच करतेत अन् मरतेत."

धर्मपाल जागच्या जागी उभे राहिले. सहा वर्षांचा सुगत, पावसाने निसरडा झालेला बांध, आणि त्याचे बोट धरून आपणच म्हटलेले, "पायतन काढ, बोटं रोव." त्यांना सगळे आठवले. ओमप्रकाशने त्यांना दंडाला धरून मागे आणले, तेव्हा ते लहान मुलासारखे मोठ्याने रडत होते.

उतरताना अर्ध्या वाटेवर फोनला रेंज आली.

"त्यानं उडी नाई मारली," ते इंदूबाईंना म्हणाले. "पाय घसरला त्याचा. तुह्या बोलन्यानं नाई गेला तो."

पलीकडून एक हुंदका.

"कोनं सांगतलं तुमाले?"

ओमप्रकाश पुढे दोरी गुंडाळत चालला होता. त्याचे नाव सांगता आले असते.

"कोनी नाई," धर्मपाल म्हणाले. "बूट काढाले मीच शिकवलं होतं त्याले."