माझं पहिलं पान कोणी वाचलं नाही

मी एक जुनी फाईल आहे. हिरव्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली. मित्रांनो, वीस वर्षं मी सगळं मुकाट्याने पोटात घेतलं. पण आता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. मला पाय नाहीत आणि मस्तकही नाही, तरी गेली आहे.

माझा जन्म दवाखान्याच्या चार नंबरच्या खोलीत झाला. तिथे ऑटिझम तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई बसत. त्या दिवशी सहा वर्षांची एक मुलगी त्यांच्या टेबलाखाली बसून बटणं रंगाप्रमाणे लावत होती. घरी तिला सगळे गुंडी म्हणत. बाई स्वतः टेबलाखाली उतरल्या, तासभर तिच्याशेजारी बसल्या आणि मग त्यांनी माझं पहिलं पान लिहिलं. ‘हिला ऑटिझम आहे. बटणं हा हिचा आनंद आहे, तो काढून घेऊ नये. घाबरली की हिचं बोलणं बंद होतं. ही लवकर लिहायला शिकली आहे, म्हणून अशा वेळी कागद-पेन्सिल द्यावी आणि लिहून विचारावं.’ अक्षर मोत्यासारखं होतं. आल्यागेल्याला बाई मला दाखवत, ‘फाईल असावी तर अशी!’ मी तेव्हा फार ताठ उभी राहत असे.

माझ्या कव्हरवर ‘ऑटिझम’ अशी जाड अक्षरांची चिठ्ठी चिकटली. ती चिठ्ठी खरी होती, तिच्यावर माझा राग नाही. तिच्यामुळे गुंडीला शाळेत पंख्यापासून लांबची, शांत जागा मिळाली. मोठी झाल्यावर गुंडी मामाच्या शिवणाच्या दुकानात कामाला लागली. दुकानात बटणांच्या चौदा बरण्या होत्या, दोन भोकांच्या, चार भोकांच्या, शिंपल्याच्या, मागे कडी असलेल्या. सगळ्या तिच्या ताब्यात. मामा म्हणत, ‘माझी कात्री चुकेल, पण गुंडीचं बटण चुकणार नाही.’ तपासणीच्या वेळी आईने हे सांगितलं आणि बाईंनी तेही माझ्यात लिहून घेतलं.

चोविसाव्या वर्षी मात्र गुंडीचं काहीतरी बिनसलं. घराबाहेर पाय टाकायचा म्हटलं की ती घाबरून दारातूनच परत फिरे. मग झोप उडाली, जेवण सुटलं. आई तिला घेऊन अकरा नंबरच्या खोलीत गेली. तिथे मनाच्या आजारांचे डॉक्टर बसत.

‘काय होतंय?’ डॉक्टरांनी विचारलं. गुंडी गप्प. त्यांनी माझं कव्हर पाहिलं, फक्त कव्हर. ‘अहो, हे ऑटिझममुळे. अशी माणसं असायचीच. चार नंबरला दाखवा.’

चार नंबरच्या बाई आता निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या जागी आलेले नवे डॉक्टर म्हणाले, ‘भीती, उदासी आमच्याकडे नाही. अकरा नंबरला जा.’

मित्रांनो, चष्मा असलेल्या माणसाचं पोट कधी दुखत नाही का? दुखलं, तर ते चष्म्यामुळे दुखतं असं कोणी म्हणतं का? ऑटिझम असलेल्या माणसाला भीतीचा आजार वेगळा होऊ शकतो, उदासीचाही वेगळा होऊ शकतो. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना हे सांगणार कोण? वर्षभरात नऊ वेळा ही टोलवाटोलवी झाली. मला इकडून तिकडे नेणारा शिपाई आईला म्हणाला, ‘ताई, ही फाईल नुसती जमिनीवर सोडली ना, तरी आपापली जाईल!’ तो बिचारा आईला हसवायला बघत होता. आई हसली नाही.

आणि मग कहर झाला. चार नंबरच्या नव्या डॉक्टरांना आई काकुळतीने म्हणाली, ‘डॉक्टर, ती आता बटणांना हातसुद्धा लावत नाही हो.’ डॉक्टर खूश झाले. त्यांनी माझ्यात लिहिलं, ‘बटणांचा नाद सुटला. समाधानकारक प्रगती. फाईल बंद करावी.’

प्रगती! पोरीचा एकुलता एक आनंद मेला आणि यांनी त्याला शाबासकी दिली. ती ओळ माझ्यावर लिहिली जात होती तेव्हा मला फाटून जावंसं वाटलं. मला कपाटात कोंबलं, माझी बांधायची नाडी तुटली, वर धूळ बसली. वर्ष गेलं.

एका सकाळी अकरा नंबरच्या टेबलावर एक बरणी दणकन आदळली. मामा आले होते. मागे आई आणि तिच्या हाताला धरून गुंडी. तिचे कपडे तिच्या अंगावर दुसऱ्या कोणाचे असावेत तसे लोंबत होते.

‘ही बरणी बघा,’ मामा म्हणाले. ‘काळी, पांढरी, कडीची, सगळी एकात. बटणांना हात लावणं सोडण्याआधी हिने भरलेली ही शेवटची बरणी. सहा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. आणि तुम्ही लोक म्हणता पोरगी सुधारली?’

‘पण त्यांना ऑटिझम...’ डॉक्टर म्हणू लागले.

‘तो आहेच हो! जन्मापासून आहे. तो असताना ती हसत होती, जेवत होती. हे दुसरं काहीतरी आहे. ती फाईल मागवा आणि उघडा. आज वाचल्याशिवाय मी हलणार नाही.’

मला आणलं, झटकलं आणि उघडलं. डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी कागदावर प्रश्न लिहिला आणि पेन्सिल गुंडीपुढे ठेवली.

गुंडीने पेन्सिल उचलली. मग लिहिलं, ‘सगळी बटणं सारखी दिसतात. सतत भीती वाटते. मला बटणं परत हवी आहेत.’

तो कागद आता माझ्यात आहे. त्या दिवसापासून दोन्ही खोल्यांचे डॉक्टर एका टेबलावर बसू लागले. औषध सुरू झालं, लिहून-लिहून बोलणं सुरू झालं. गुंडी एकदम बरी झाली नाही. काही आठवडे बरे गेले, काही वाईट. पण सात महिन्यांनी ती आली, तेव्हा माझी तुटकी नाडी तिने पाहिली. पुढच्या खेपेला तिने घरून बटण आणलं आणि माझ्या कव्हरवर शिवलं. चार भोकांचं, हिरवं, माझ्या पुठ्ठ्याहून किंचित गडद. ते निवडायला तिला दोन दिवस लागले, असं आई डोळे पुसत सांगत होती.

मित्रांनो, कोणाच्याही कव्हरवरची चिठ्ठी वाचून थांबू नका. आतलं पान वाचा. त्याला जसं सांगता येतं, तसं विचारा.

माझ्यात आता एकशे बारा पानं आहेत. गुंडीची वाया गेलेली दोन वर्षं कोणामुळे गेली, ते मात्र एकाही पानावर लिहिलेलं नाही.