स्टार्टरच्या पेटीला कुलूप

प्लास्टिकचा चुरा करणाऱ्या मशीनची मोटर पुन्हा बंद पडली, तेव्हा मालकाच्या डोक्यात एकच माणूस आला: भाऊजी. स्टार्टर त्यांनीच बसवला होता. मोटरवर फार ताण आला की त्यातला रिले वीज तोडतो, म्हणजे मोटर जळत नाही, असं सांगताना ते मिशीतल्या मिशीत हसले होते. ते हसणं मालकाच्या मनात सलत होतं. हा माणूस रिले मुद्दाम कच्चा ठेवतो आणि दुरुस्तीला येऊन जावईपणा मिरवतो, याबद्दल त्याला शंकाच उरली नव्हती.

त्याने स्टार्टरच्या पेटीला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात घातली. तरी चैन पडेना. जरा वेळ गेला की तो मशीन थांबवायचा, पेटी उघडून तारांकडे टक लावून बघायचा, कुलूप लावून पेटीवरचं बटण दाबायचा. मोटर गुरगुरायची, कण्हायची आणि खटकन बंद व्हायची.

“बघ तुझ्या नवऱ्याचे उद्योग,” तो ताईला म्हणाला.

माल निवडत बसलेल्या ताईने मानही वर केली नाही. “माल पोटात असताना मशीन बंद केलंस, तर तेवढ्या भारासकट मोटर उठणार कशी? आधी रिकामं होऊ द्यायचं, मग थांबवायचं, हे त्यांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. मधेच थांबवतं कोण?”

मालकाने खिशातली किल्ली चाचपून पाहिली. मग ताईकडे निरखून बघत हळूच म्हणाला, “हे तुला त्यांनीच पढवलंय ना?”