वजनाएवढा गुलाल

"गुलाल किती देऊ, मावशी? शेरभर का पोतंच उचलताय?"

"वजनाएवढा," पारूबाई म्हणाली. "लेकाच्या वजनाएवढा. नवस हाय."

जोतिबाच्या पायऱ्यांजवळचा दुकानदार आकाराम एकदम खुशीत आला. असं गिऱ्हाईक रोज उगवत नाही. दुकानापुढं आडव्या वाशाला भलामोठा तराजू टांगलेला होता. "मग बसवा की पारड्यात! कुठं हाय नवरदेव?"

पारूबाईचा नवरा गणपती पाठ फिरवून रस्त्याकडं बघत उभा राहिला.

गणपती उद्यमनगरात ऑईल इंजिनं दुरुस्त करायचा. एकुलता एक लेक कृष्णात त्याच्या हाताखाली पाने-पकडी देत मोठा झाला आणि विमानदलात जायचं घेऊन बसला. पहिल्या भरतीत वजन कमी म्हणून त्याला परत पाठवलं. पोरानं दोन दिवस तोंड दाखवलं नाही. मग पारूबाईनं त्याला म्हशीच्या दुधावर धरलं आणि जोतिबाला सांगितलं, एवढी भरती होऊ दे, त्याच्या वजनाएवढा गुलाल उधळीन.

भरती झाली. सांबऱ्याला विमानदलाच्या तळावर ट्रेनिंग झालं. नवस मात्र लांबला. एका सुट्टीत चुलतबहिणीचं लग्न निघालं, दुसरी पाहुण्यारावळ्यात गेली. देव काही तगादा लावत नाही, म्हणून माणूस त्यालाच थांबवतो. एकाहत्तरच्या लढाईत, डिसेंबरात त्याच्या विमानतळावर बॉम्ब पडला तेव्हा कृष्णात विमानात पेट्रोल भरत होता. घरी त्याच्या अस्थी आल्या.

गल्लीत कुणीतरी बोललंच, "नवस अंगावर ठेवला, दुसरं काय!" लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? गणपतीनं त्या दिवशी भिंतीवरची जोतिबाची तसबीर काढून ट्रंकेत टाकली. वर्षश्राद्ध झालं आणि या रविवारी पारूबाई नवस फेडायला निघाली, तेव्हा तो एसटीत तिच्यावर उखडला होता.

"ज्यानं पोरगं न्हेलं त्येलाच गुलाल? गुलाल आनंदाचा असतोय. आपल्याला कसला आनंद झालाय?"

"त्येनं न्हाई न्हेलं," पारूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी मागितलं तेवढं त्येनं दिलं. भरती होऊ दे म्हटलं, झाला. माघारी आण म्हणायचं मला सुचलंच न्हाई की."

डोंगरावर उतरल्यावर गणपती तिच्या मागं मागं दुकानापर्यंत आला.

"मावशी?" आकाराम अजून वाट बघत होता. "पोरगं न्हाई आलं व्हय?"

"लढाईत गेलं. इमानदलात हुतं."

आकारामनं हातातलं माप खाली ठेवलं. एरवी त्याचा आवाज दरीपार जायचा. आता तो हळू बोलला, "मग वजन कसं धरायचं, मावशी?"

पारूबाईनं त्या पोराला कडेवर पेललं होतं, खांद्यावर झोपवलं होतं. पण किलोत ते किती भरायचं, ते तिला कुठं ठाऊक होतं? ती नुसती तराजूकडं बघत राहिली. एवढं येऊन नवस राहतोय की काय, असं तिला वाटलं.

गणपती वळला. त्यानं चपला काढल्या आणि पारड्यात जाऊन मांडी घालून बसला.

"घाल."

"मामा, तुमी..."

"माझी खाकी पँट त्येला बसायची. माझ्याएवढाच हुता. घाल म्हणतोय न्हवं!"

आकाराम दुसऱ्या पारड्यात गुलाल ओतू लागला. काटा मधोमध आला तसा तो थांबला.

"आणि घाला," पारूबाई म्हणाली. "ह्ये वरीसभर धड जेवलं न्हाईत. पोरगं शेवटच्या सुट्टीला चांगलं भरलं हुतं."

आकारामनं किती ते विचारलं नाही. तो ओतत गेला. गणपतीचं पारडं हळूहळू आणखी वर चढलं आणि अधांतरी झालं. ऑईलनं काळ्या पडलेल्या हातांनी त्यानं साखळ्या घट्ट धरल्या आणि भर बाजारात तो मोठ्यानं रडला. वाटेनं चाललेल्या चारदोन माणसांना वाटलं, नवस फिटतोय कुणाचातरी. त्यांनी जाता जाता "चांगभलं!" म्हणून आरोळी दिली. गणपतीनंही तोंडातल्या तोंडात "चांगभलं" म्हटलं.

मग आकारामनं त्याला हात देऊन उतरवलं. गुलालाचं पारडं जमिनीवर टेकलेलं होतं. दुसरं रिकामं, वर, हेलकावे खात राहिलं. पारूबाई पुढं झाली. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि पुरतं थांबेपर्यंत सोडलं नाही.